पोटातली खोटी गाठ

पोटात गाठ निघाली म्हणजे माणूस मेला असं ज्यांना वाटते, त्यांनी हे वाचावं. फोटो पाहिला की माणूस पाहायची गरज उरत नाही असं ज्या डॉक्टरांना वाटते, त्यांनी तर जरूर वाचावं. वाचून राग आला तर येऊ द्या. मला आलेला आहे आणि तो जाऊन नाही राहिला.

दिवाळी अंकवाल्यांनी माझ्याकडे दवाखान्यातले गमतीचे किस्से मागितले होते. किस्से आहेत. मी वाशीमच्या एका खाजगी सोनोग्राफी सेंटरात तीस वर्षं मदतनीस होतो, गमती काय कमी पाहिल्या? पण यंदा माझी बायको गेली. म्हणून मी लिहीन ते माझ्या मनानं लिहीन. शिक्षण सातवी. शुद्धलेखन तुम्ही पाहून घ्या, मजकुराला हात लावू नका.

मदतनीस म्हणजे काय करतो ते आधी सांगतो, कारण लोकांना वाटते नुसता दार उघडतो. नाव पुकारायचं. पेशंट आत घ्यायचा. पलंगावर झोपवायचा, कपडा सरकवायचा, बाईमाणूस असलं तर तिच्या सोबतच्या बाईला आत बोलवायचं. पोटावर तो थंड चिकट मलम लावायचा. साहेब, म्हणजे आमचे सोनोग्राफीचे डॉक्टर, म्हणाले की कुशीवर वळवायचं, पाणी पाजायचं, श्वास रोखायला लावायचं. जुने कागद, जुने फोटो पिशवीतून काढून तारखेनं लावून ठेवायचे. हे शेवटचं काम सगळ्यात मोठं. आमच्याकडचे लोक सीटी स्कॅनची फिल्म कशाला वापरतात माहीत आहे? न्हाणीच्या खिडकीला काच म्हणून लावतात. एकानं तर कोंबड्यांच्या खुराड्याला दोन्ही बाजूंनी लावली होती. बापाचं अख्खं पोट त्या खुराड्याला, आणि हा मला म्हणतो, "मामा, जुना फोटो काही सापडून नाही राह्यला."

आता स्वादुपिंड. जठराच्या मागं, पाठीच्या कण्याला टेकून आडवं पडलेलं असते. मक्याच्या कोवळ्या कणसाएवढं. अन्न पचवायचा रस ते तयार करते. हा रस इतका कडक की बाहेर सांडला तर आपलंच मांस पचवायला लागतो. दारूनं म्हणा, नाही तर पित्ताशयातला खडा नळीत अडकल्यानं म्हणा, स्वादुपिंडाला जोराची सूज येते. मग हा रस फुटून बाहेर येतो आणि पोटात साचतो. शरीर काही दिवसांनी त्याच्याभोवती भिंत घालून घेते, जसा आपण वाहत्या पाण्याला बांध घालतो. झाली पिशवी. डॉक्टर तिला खोटी पुटी म्हणतात. आमच्या सेंटरात आम्ही म्हणायचो खोटी गाठ.

आणि खरी गाठ पण असते. ती पण पाण्यानं भरलेली. ती हळूहळू कॅन्सर होऊ शकते, काही वेळा झालेलीच असते. मशीनवर पाहाल तर दोन्ही काळ्या. दोन्ही गोल. मी काय, भले भले फसतात. खोटीला बहुतेक वेळा थांबून पाहायचं असते, खरीला बहुतेक वेळा कापायचं असते. आता सांगा, हा फरक चुकला तर काय होते?

आमचे साहेब हा फरक कसा ओळखायचे? अर्धा मशीनवर आणि अर्धा तोंडावर. ते म्हणायचे, "मामा, फोटोतली गाठ मुकी आहे. पेशंट मुका नाही."

एक माणूस आला होता मेडशीकडचा, माझ्याच गावच्या बाजूचा. पस्तिशीचा असन. सोबत त्याची माय आणि बायको. पोट फुगलेलं, जेवण जात नाही. साहेबांनी मशीन लावली, पडद्यावर हा एवढा मोठा काळा गोळा. साहेबांनी विचारलं, "दारू घेता?"

माय दारातून ओरडली, "माह्या लेकाले सुपारीचंई व्यसन नाही! माळ नाही घातली, तेवढंच राह्यलं!"

लेकरू पलंगावर डोळे मिटून पडलेलं. बायको जमिनीकडे पाहून राहिलेली. साहेब शांतपणे मला म्हणाले, "मामा, यांना लघवीला नेऊन आणा."

आमची ती खूण होती. लघवीला नेऊन आणा म्हणजे खरं काढून आणा. मी त्याला मागच्या वऱ्हांड्यात नेलं आणि सरळ विचारलं, "कोणती घेतं?"

"मायची कसम मामा..."

"माय बाहेर बसेल हाय. तिले मी काही सांगत नाही. पण आतमंदी तुह्या पोटाचा फैसला होऊन राह्यला. खोटं बोलशीन तर पोट फाडतीन, समजलं का?"

तो भिंतीला टेकून रडला. मग सगळं सांगितलं. दोन वर्षांपासून रोज मोहाची. आणि दीड महिन्याआधी शेतात असताना पोटात अशी कळ आली की पाठीतून निघाली, ओकाऱ्या झाल्या, तिथंच बांधावर आडवा पडला. घरी सांगितलं ऊन लागलं. मी आत येऊन साहेबांच्या कानात सांगितलं. साहेबांनी रिपोर्टात तसं लिहिलं, वरच्या डॉक्टरांना फोनही केला. कापायचं थांबलं. दारू बंद केली, महिन्या दीड महिन्यानं परत फोटो काढला, तर गोळा निम्मा झालेला. पुढच्या खेपेला शोधावा लागला.

माय मला बाजारात भेटली तर काय म्हणते? "तुमीच माह्या पोराले बेवडा ठरवलं!" मी म्हटलं, "हो बुढे, मीच ठरवलं. पण जित्ता ठेवला ना?"

दुसरी गोष्ट एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरची. भरल्या घरची सून, चाळिशीची. दुसरीकडच्या सोनोग्राफीत स्वादुपिंडाच्या डोक्याजवळ पाण्याची गाठ सांगितली होती. घरात रडारड होऊन गेलेली. मुंबईच्या डॉक्टरकडे नंबर लागलेला, गाडी सांगितलेली, कोण सोबत जाते ते ठरलेलं. आमच्याकडे फक्त एक फोटो जास्तीचा पाहिजे म्हणून आले. बाईसोबत नवरा होता, पण बोलायचं काम तिच्या जेठाकडे, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाकडे. पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाइल.

साहेबांनी बाईला विचारलं, "जेवल्यावर काय होते?"

जेठ म्हणाला, "जेवल्यावर काही होत नाही तिले."

"दुखते कुठं?"

"इथं दुखते," असं म्हणून जेठानं स्वतःच्या पोटावर हात ठेवला!

साहेबांनी मशीनचा दांडा खाली ठेवला. "पाटील, तिचं पोट तुमच्याकडे ठेवायला दिलं आहे का?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मामा, बाया सोडून सगळे बाहेर."

मी जेठाच्या दंडाला धरून बाहेर काढलं. आत त्या बाईनं सांगितलं की जेवल्यावर वर गोळा आल्यासारखा वाटते आणि डाव्या कुशीवर झोपलं की गुडगुड होऊन उतरते. साहेब म्हणाले, दोन गिलास पाणी. मी पाजलं. उजव्या कुशीवर वळवलं, डाव्या कुशीवर वळवलं. आणि पडद्यावर ती गाठ भरून राहिली, रिकामी होऊन राहिली, आतमध्ये हवेचे बुडबुडे नाचून राहिले! गाठीत कुठं बुडबुडे नाचतात? ती आतड्याला बाहेरून फुगवटा आलेली पिशवी होती. स्वादुपिंडाला चिकटून असते, पाणी भरलं की अगदी गाठीसारखी दिसते. त्यात मरण्यासारखं काही नव्हतं.

साहेबांनी बाहेर येऊन सांगितलं, कॅन्सरची गाठ वगैरे काही नाही. तर जेठ तणतणला. "काही नाही म्हणजे? गाडी सांगितली हाय आमी! सारे पाव्हणे येऊन भेटून गेले!"

मी म्हटलं, "मंग त्यायले परत बोलवा आन् जेवू घाला."

असे कितीतरी. क्षयाची गाठ स्वादुपिंडाजवळ बसून ट्यूमर होऊन दाखवायची, आणि सहा महिने गोळ्या खाल्ल्या की विरघळून जायची. मेंढ्यांमागं फिरणाऱ्याच्या पोटात कुत्र्याच्या जंताची पाण्याची गाठ निघायची. साहेब प्रत्येकाला विचारायचे, घरी कोणाला खोकला आहे का, कुत्रं पाळता का, मागं कधी जोराचं दुखलं का. आणि पेशंटलाच विचारायचे. नवरे, जेठ, सासरे, शिकलेले जावई, सगळे बाहेर. बाहेर काढायचं काम माझं. मला त्याची मजा यायची, खोटं कायले सांगू. भल्या भल्यांना दंडाला धरलं मी.

एक गोष्ट मात्र उलटी झाली आणि ती माझ्या डोक्यात बसली. शाळेतल्या एक बाई होत्या, शिक्षिका. त्यांची गाठ खरी होती. साहेबांनी साफ सांगितलं, लवकर काढा. त्यांच्या मालकांनी कुठंतरी वाचलं की अशा गाठी खोट्या पण असतात, आणि काढ्याच्या बाटल्या आणल्या. थांबले. वर्षभरानं बाई परत आल्या तेव्हा मी एकट्यानं त्यांना उचलून पलंगावर ठेवलं, इतक्या हलक्या झालेल्या. तेव्हापासून माझ्या मनानं घेतलं की गाठ म्हटली की थांबायचं नाही. साहेब म्हणायचे, असं नसते मामा, कोणती आहे ते आधी पाहावं लागते. ऐकलं मी, पण मनात बसलं ते बसलं.

आणि हे पण लिहितो, कारण लपवून काय करू. गल्लीत मी अर्धा डॉक्टर होतो. लोक फिल्म घेऊन माझ्या दारात यायचे. मी ती उजेडात धरायचो, मान हलवायचो, बोटानं दाखवायचो, हे लिव्हर, ही किडनी. पंचफुला, माझी बायको, आतून चहा आणायची आणि आलेल्या बायांना सांगायची, "यायले सगळं समजते." मला गोड वाटायचं ते. मी कधी म्हटलं नाही की बाई, मला फक्त मलम लावता येते.

मी रिटायर झालो. साहेब म्हातारे झाले, लेकाकडे परदेशात गेले. सेंटर दुसऱ्यानं घेतलं. आता तिथं सीटी स्कॅनची नवी मशीन आहे, थंडगार हवा आहे, खुर्च्या मऊ आहेत. फोटो वाशीममध्ये काढतात आणि वाचणारा डॉक्टर कुठल्या तरी शहरात कॉम्प्युटरसमोर बसलेला असतो. त्याच्याकडे तारेनं फोटो जातो, तासाभरात तारेनं रिपोर्ट येतो. त्यानं पेशंटचं तोंड पाहिलेलं नसते. लघवीला नेऊन आणणारा तिथं कोणी नाही. लघवीला न्यायला सुद्धा आता पाटी लावली आहे, बाण दाखवून.

पंचफुलाचं दुखणं तिथं पोहोचलं. चार घास खाल्ले की पोट भरून यायचं. डाव्या बाजूला वर जड जड. वजन उतरलं. मी तिला सेंटरात नेलं, जुन्या ओळखीनं लगेच आत घेतलं. ती पलंगावर झोपली तेव्हा मला म्हणाली, "तीस वर्ष दुसऱ्यायच्या बायायले मलम लावला, आता मले लावतीन का?" आतली नर्स हसली. मी पण हसलो.

सीटी स्कॅनचा रिपोर्ट आला. स्वादुपिंडाच्या शेपटाकडे पाण्यानं भरलेली गाठ, जाड भिंतीची. ट्यूमर असण्याची शक्यता. पित्ताशयात बारीक खडे. आणि खाली एक ओळ, जी मी हजार रिपोर्टांखाली पाहिली आहे: रुग्णाच्या पूर्वीच्या आजाराशी ताडून पाहावे. ताडून पाहावे! कोणी पाहावे? ज्यानं लिहिलं तो शहरात बसलेला. ज्यानं फोटो काढला त्याच्यामागं रांग लागलेली. पोटात खडे आहेत, खडा अडकून कधी सूज आली होती का, हे कोणाच्या मनात आलं नाही. खडे काय, अर्ध्या जिल्ह्याच्या बायांच्या पोटात आहेत, असं तिथला माणूस मला म्हणाला. आणि मी मान हलवली. मी!

तिला घेऊन मोठ्या शहरातल्या सर्जनकडे गेलो. नाव लिहीत नाही, सगळेच सारखे आहेत. चार तास बाहेर बसलो आणि आत किती वेळ, तर चहा गार होणार नाही इतका. तो कॉम्प्युटरकडे पाहून बोलत होता. शेवटी मान वर केली आणि विचारलं, "यांना आधी कधी पोटात खूप जोराचं दुखून सलाईन लावावं लागलं होतं? नीट आठवून सांगा. तसं असेल तर आपण दीड-दोन महिने थांबून परत फोटो काढू, सुईनं त्यातलं पाणी काढून तपासू. नसेल तर मी काढून टाकायचाच सल्ला देईन."

प्रश्न बरोबर होता. आमच्या साहेबांनी हाच विचारला असता. पण विचारला कोणाला? माझ्याकडे पाहून. पोट तिचं, ती समोर बसलेली, आणि विचारलं मला.

आणि मी काय केलं? छाती काढून म्हटलं, "नाही सायेब. मी तीस वर्ष याच लायनीत होतो. असं काही झालं असतं तर मले समजलं नसतं का?"

पंचफुलानं पदर सारखा केला. म्हणाली, "ते मागं एकडाव..."

"तू थांब वं," मी म्हटलं. "सायेबायले टाइम नाही."

ती थांबली. सर्जननं लिहून घेतलं. त्यानं तिला एकदा तरी म्हणायचं होतं, बाई तुम्ही सांगा. मला बाहेर काढायचं होतं दंडाला धरून. मी असतो त्याच्या दारावर तर काढलं असतं.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, सोबत स्वादुपिंडाचं शेपूट आणि प्लीहा. सर्जन म्हणाला छान झालं. चौथ्या दिवशी पोटातल्या नळीच्या पिशवीत जे पाणी येऊन राहिलं होतं, त्याचा रंग मला पटला नाही. मी सांगितलं, तर शिकाऊ डॉक्टर म्हणाला, बाबा तुम्ही बाहेर बसा. कापलेल्या जागेतून तोच कडक रस झिरपत होता. पुढं ताप आला, मग बीपी उतरलं. नवव्या दिवशी ती गेली. यापेक्षा जास्त त्याबद्दल मला लिहिता येत नाही.

गावी आणली. भंतेजी आले, पुण्यानुमोदन झालं. लोक येऊन बसले, चांगली बाई होती म्हणाले. कॅन्सर होता, कोण काय करणार, असंही म्हणाले. मीही तेच म्हणत होतो. कॅन्सर म्हटलं की मनाला जरा टेकू मिळते.

मग दवाखान्यातून फोन आला की काढलेल्या गाठीचा तपासणी रिपोर्ट तयार आहे, घेऊन जा. लेकानं आणला, वाचून दाखवला. इंग्रजी त्यानं मराठीत करून सांगितलं. गाठीच्या आतल्या बाजूला अस्तर नाही. ट्यूमरच्या पेशी नाहीत. जुनी सूज, जुना साचलेला रस. तो पुढं वाचत होता, मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. अस्तर नाही म्हणजे काय ते साहेबांनी मला शंभर वेळा सांगितलं होतं. खऱ्या गाठीला आतून स्वतःचं अस्तर असते. खोटीला नसते, तिला नुसती भिंत.

लेक म्हणाला, "बाबा, म्हणजे कॅन्सर नव्हता. चांगलंच झालं ना?"

मी त्याला मारायला उठलो. चाळीस वर्षांचा लेक माझा. त्याला काय समजते?

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं सर्जनकडे गेलो. नंबर लावला नाही, सरळ आत घुसलो. दारावरचा माणूस दंड धरायला आला तर त्याला म्हटलं, हात लावशीन तर पाहून घे. मी सर्जनसमोर रिपोर्ट आपटला. "गाठ खोटी होती! दोन महिने थांबलो असतो तर काय झालं असतं? थांबाले कोणाची मनाई होती तुमाले? माही बायको मारली तुमी!"

तो घाबरला नाही. चिडलाही नाही, त्याचाच मला जास्त राग आला. त्यानं कपाटातून तिचा केसपेपर काढायला लावला, पान उघडलं आणि माझ्यासमोर सरकवलं. त्याच्या अक्षरात इंग्रजी होतं. मला इंग्रजी येत नाही, पण इतकं तीस वर्षांत वाचायला शिकलो होतो. पूर्वी पोटदुखीचा झटका: नाही. आणि त्याच्यावर, ज्या रकान्यात माहिती कोणी सांगितली ते लिहितात, तिथं लिहिलं होतं: नवरा.

"काका," तो म्हणाला, "इतकी जुनी सूज आपोआप येत नाही. त्यांना कधीतरी जोराचं दुखलंच असणार. खरंच काही झालं नव्हतं?"

"नव्हतं म्हणजे नव्हतं!" मी टेबलावर हात मारून ओरडलो. "माह्या बायकोचं मले माहीत नाही का?"

आणि निघून आलो. जिना उतरताना मला वाटत होतं की मी त्याला चांगला झापला.

आठ दिवसांनी धनजला गेलो. पंचफुलाची धाकटी बहीण कांता तिथं दिली आहे. आमच्यात बाई गेली की तिची लुगडी बहिणींना देतात, म्हणून दोन चांगली लुगडी घेऊन गेलो. कांतानं पाणी दिलं, लुगडी मांडीवर घेऊन बसली. मी तिला सर्जनचं सांगत होतो, कसा आत घुसलो, कसा झापला. "तो मलेच म्हणते, कधीतरी दुखलं असन. मी म्हटलं, नव्हतं म्हणजे नव्हतं!"

कांता लुगड्याची घडी उलगडत होती. ती थांबली. मग हळूच म्हणाली, "भाऊजी, दुखलं होतं ना."

"कवा?"

"मागच्या वर्षी. माह्या नातवाच्या बारश्याले आली होती तवा. जेवण झालं आन् अशी कळ उठली की पोट धरून लोळली. पाठीत गेली कळ. ओकून ओकून हिरवं पाणी पडलं. इथल्या डॉक्टरनं दोन दिवस सलाईन लावल्या. गॅस हाय म्हणे."

मला तिचा इतका राग आला की हातातला गिलास फेकला मी. आवाजानं शेजारच्या बाया दारात आल्या. "दोन दिवस सलाईन! आन् मले कोणी सांगू नये? मी मेलो होतो काय?"

कांता पण काही कमी नाही, तिची बहीणच ती. "तुमाले सांगावं कसं? तुमी दिवसातून दोनदा फोन करून राह्यले होते, कवा येतं, भाकरी कोण थापीन! अक्का म्हणे, त्यायले सांगू नको, सांगितलं तर येऊन घेऊन जातीन आन् रोज त्या मशीनीखाली झोपवतीन."

"आन् तो सर्जन विचारून राह्यला होता तवा? तवा तिनं काहून नाही सांगितलं? तोंड नव्हतं तिले?"

हे मी विचारलं. मला लाज वाटायला पाहिजे होती, पण रागात माणसाला लाज राहत नाही.

कांता उठली. फुटलेल्या गिलासाच्या काचा वेचायला लागली. माझ्याकडे न पाहता बोलली, "तुमी सर्जनकडून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला होता. आपरेशन ठरलं म्हणे. मी म्हटलं, अक्का, धनजचं सांगितलं का वं डॉक्टरले? ती म्हणे, सांगून राह्यली होती, पण यायनं नाही म्हटलं. मी म्हटलं, मंग तू परत सांग. आज फोन करून सांग."

"मंग?"

"मंग ती हासली. म्हणे, कांते, यायनं अख्खी जिंदगी तेच काम केलं. ते नाही म्हणून राह्यले म्हणजे ते दुखणं याच्यातलं नसनच. आपल्याले काय समजते, यायले समजते."